शरोफत बीबींचा कोरडा डफ

बुखारा, ३ एप्रिल १९७५

खोसियत खाला यांना मुनिसाचा सलाम.

नवरोजच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. तुमच्या आईच्या, म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या शरोफत बीबींच्या फाटलेल्या डफाचं कातडं वासराचं आहे, असं मी लिहिलं होतं. ते वासराचं नाही. माशाचं आहे. तुमच्या नदीतल्या त्या मोठ्या, बिनखवल्यांच्या मिशाळ माशाचं.

चूक कशी झाली तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही न बघताच लिहिते. खरं तर तसंच झालं. बीबींचा डफ सगळ्या बुखाऱ्यात 'कोरडा डफ' म्हणून ओळखला जातो. आत एवढ्या कड्या असून एकही किणकिणत नाही, नुसती थाप ऐकू येते, घट्ट आणि खोल. सगळे म्हणतात, ही जाड वासराच्या कातड्याची करामत. लग्नात वाजवणाऱ्या नव्या बायका माझ्याकडे येतात आणि सांगतात, "वासराचंच लाव, शरोफत बीबींसारखं वाजलं पाहिजे." मीही तेच धरून चालले. काल कातडं भिजवून सोडवलं आणि उजेडासमोर धरलं, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. मला स्वतःची लाज वाटली. बाबा असते तर त्यांनी नुसत्या बोटानं ओळखलं असतं. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील.

बीबींना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. लग्नांना जाणं त्यांनी सोडलं आहे. पण हिवाळ्यात शेगडीजवळ राहून डफ फाटला, तेव्हा स्वतः अंगण ओलांडून घेऊन आल्या. म्हणाल्या, "तोंड फाटलेला डफ घरात ठेवू नये. शिवू नकोस, नवं तोंड दे."

म्हणून विचारते, रागावू नका. तुमच्या घरी बेर्दी काकांकडे माशाचं एखादं कमावलेलं कातडं असेल का? बाबा त्यांच्याकडूनच घ्यायचे. माझ्याकडे जे येतात ते विचारतात, "डफ मढवणारे उस्ता घरात आहेत का?" मी म्हणते, "मीच." तर म्हणतात, "अगं, मी उस्ताला विचारतोय, पोरीला नाही." अशा माणसांमधून मला बाजारात चांगलं कातडं कोण देणार?

बीबींना मी तुम्हाला पत्र लिहिते हे सांगितलेलं नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण त्या विचारत नाहीत.

तुमची,
मुनिसा

*

चारजोई, २० एप्रिल

मुनिसा,

कातडं पाठवते. स्टेशनवर काम करणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती दिलं आहे, तो तुझ्या आईकडे पोचवेल. कोठीत हे एकच होतं. बेर्दीनं कमावलेलं आहे, तेव्हा भोक नाही, डाग नाही. त्याला विचारण्याचा प्रश्न नव्हता, मीच काढून दिलं.

तुझी चूक दुरुस्त केलीस, ठीक. पण दुसरी एक करते आहेस असं मला वाटतं. माझ्या आईचा डफ आणि कोरडा? आम्ही लहान असताना ती कुठल्या लग्नाला गेली आहे हे हौदावरच्या बायका नुसत्या कड्यांच्या आवाजावरून सांगायच्या. ती एक थाप मारायची आणि वर कड्यांचा पाऊस पडायचा. तू दुसऱ्याच कुणाच्या डफाबद्दल ऐकलं असशील. किंवा तिनं म्हातारपणी नखरे बदलले असतील. तिला नखरे करायला माणसं लागत नाहीत.

कातडं कुठून आलं ते तिला सांगू नकोस. सांगितलंस तर तू सरस उकळायच्या आत ती ते अंगणात फेकून देईल.

तुझ्या आईला माझा सलाम. तिला म्हणावं, पोरीला जेवू घाल, पत्रातूनही हाडं दिसतात.

खोसियत

*

बुखारा, ९ जून

खोसियत खाला, सलाम.

उशीर झाला, माफ करा. डफ पुरा झाला, आणि मला वाटतं बिघडला. जसं घडलं तसं लिहिते.

कातडं फार सुंदर होतं. एक रात्र भिजवलं, सरस लावून ताणलं, दोरीनं आवळून सावलीत वाळवलं. कुठेही सुरकुती नाही. पण त्याआधी घेरा साफ करायला घेतला होता. लाकूड जुन्या द्राक्षवेलाचं, बीबींच्या गुरूच्या वेळचं. आतल्या बाजूला वर्षानुवर्षं निखाऱ्यांवर शेकल्याची काजळी, जुना सरस, चरबी, सगळ्यांचा मिळून काळा थर बसला होता आणि कड्या त्यात रुतल्या होत्या. खरवडताना दोरे लागले. मला वाटलं, ढिल्या झालेल्या कड्या कुणीतरी आळसानं बांधून ठेवल्या आहेत. सगळे कापून काढले. कड्या राखेनं घासल्या. चांदीसारख्या दिसू लागल्या. मी खूश होते.

गेल्या गुरुवारी सकाळी अंगणात निखाऱ्यांवर डफ शेकला आणि ताण बघायला दोनचार थापा मारल्या. मला वाजवता येत नाही, तुम्हाला माहीत आहे, मी फक्त ऐकून बघते. कड्या अशा बोलल्या की कबुतरं उडाली. तेवढ्यात बीबी समोरच्या घरातून धावत आल्या. पायात काही नाही, हाताला पीठ. भिंतीला धरून धरून थेट माझ्यापर्यंत.

"आली? कुठल्या दारानं आली?"

मी म्हटलं, "कोण, बीबी?"

"खोसियत. कुठं बसवलंत तिला?"

"बीबी, कुणी आलेलं नाही. मी डफ बघत होते."

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. पीठ लागलं मला. मग त्या रस्त्याच्या दारात जाऊन बसल्या. दिवसभर बसून होत्या. आई त्यांना चहा द्यायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "ऊन लागलंय त्यांना. या वयात असं होतं, मागचं पुढचं एक होतं." संध्याकाळी मी डफ घेऊन गेले तर घेतला नाही. म्हणाल्या, "तुझ्याकडेच राहू दे."

मी समजते की काम त्यांना पसंत पडलं नाही. तुम्हीच सांगितलं होतं की पूर्वी कड्या वाजायच्या, म्हणून मला वाटलं, मी ते जुनं परत आणलं. मग का आवडू नये? कातडं फार पातळ झालं का? बेर्दी काकांना विचारून सांगाल का, आणि त्यांच्याकडे थोडं जाड मिळेल का? पुन्हा लावून बघते.

तुमची,
मुनिसा

*

चारजोई, २२ जून

मुनिसा,

दुसरं कातडं नाही. पुन्हा मागू नकोस.

आणि कातड्यात काही खोट नाही. बेर्दीच्या हाताखालून खोटं काही गेलं नाही.

तुझ्या आईला म्हणावं, शरोफतला ऊन लागत नाही, ऊनच तिला घाबरतं. तिला भ्रम झालेला नाही. मी तिची पोर आहे, मला कळतं. पण ती काय बोलली ते मला कळत नाही. मी सतरा वर्षांत त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही, मग डफ वाजल्यावर मी कशी येईन?

तुला सगळं ठाऊक नसेल. तू तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होतीस. बेर्दी तुझ्या बाबांकडे कातडी घेऊन यायचा. तुमच्या अंगणातच आम्ही एकमेकांना पाहिलं. माझ्या आईला तो चालला नाही. म्हणाली, "मी शहराच्या अर्ध्या पोरी वाजवत सासरी पाठवल्या, त्या काय माझी माशांच्या वासात जावी म्हणून?" एवढं बोलली ते परवडलं. पण लग्नाच्या दिवशी ती वाजवायला बसली नाही. शहरात एकही लग्न तिच्यावाचून झालेलं नाही, नानवाल्याच्या आंधळ्या भावाचंसुद्धा, आणि माझ्या लग्नात निरोप पाठवला की हात दुखतात. दुसऱ्या आठवड्यात ती रेशमवाल्यांच्या घरी वाजवत होती. मला इथपर्यंत बातमी आली. हात बरे झाले होते.

मी मुकी गेले गं मुनिसा. नवरी वाजतगाजत जाते. मी गाडीच्या चाकांच्या आवाजात गेले.

तिला विचार, ती नेमकं काय म्हणाली. मी विचारलं असं सांगू नकोस.

खोसियत

*

बुखारा, ३० ऑगस्ट

खोसियत खाला,

दोन महिने मला विचारायचं धाडस झालं नाही. रोज ठरवायची आणि रोज दुसरं काम काढायची. डफ माझ्या खोलीत खुंटीवर होता. कधी धक्का लागला तर कड्या बोलायच्या आणि समोरच्या घरातली भांडी वाजायची थांबायची. म्हणून मी त्या बाजूनं जाणंच सोडलं.

शेवटी मागच्या रविवारी गेले. बीबी जरदाळूच्या बिया फोडत होत्या. मी म्हटलं, "बीबी, माझ्या कामात काय चुकलं ते सांगा. मी दुरुस्त करते."

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "वाईट झालं ते तेच."

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते, माझे शब्द मधे आले तर माफ करा.

तुमच्या लग्नाच्या दिवशी त्या सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या. डफ शेकून ठेवला होता. गाडी दारात येईपर्यंत त्यांना वाटत होतं, उठेन. उठल्या नाहीत. चाकांचा आवाज गेल्यावर तुमच्या रुखवताच्या रजईचं उरलेलं रेशीम घेतलं आणि एकेक कडी लाकडाला बांधून टाकली. "माझ्या पोरीच्या लग्नात ज्या बोलल्या नाहीत, त्या कुणाच्याच लग्नात बोलणार नाहीत. ती दारात येईल आणि तिच्या हातानं सोडील." रेशमवाल्यांकडे त्या तशाच वाजवून आल्या. त्यानंतर सगळीकडे तशाच. लोकांनी त्याला कोरडा डफ म्हणून नाव दिलं, नव्या पोरी नक्कल करू लागल्या. "लोक वाहवा करायचे. मी म्हणायचे, करा. रडणं ऐकू येत नाही तुम्हाला तर वाहवा करा."

खाला, ते दोरे मी कापले. मी त्यांना घाण समजले. बाबा नेहमी सांगायचे की जुनं वाद्य हातात आलं की सुरी उचलण्याआधी बघायचं, ही घाण आहे की कुणाचं काम आहे. मी बघितलं नाही. आणि जूनच्या पत्रात मी लिहिलं की बीबींना काम पसंत पडलं नाही. तेही चूक. त्यांनी कड्या ऐकल्या आणि त्यांना वाटलं, तुम्ही आलात आणि सोडल्या.

मी विचारलं, "तुम्ही त्यांना कधी कळवलंत का?"

"वाजवणारीनं का सांगायचं? ऐकणारीनं ऐकावं."

"चारजोईपर्यंत ऐकू जातं का बीबी? गाडीनं तीन तास लागतात."

त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. मग तोच हात धरून ठेवला. म्हणाल्या, "जीभ बापाची घेतलीस."

तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, पण त्यांनी स्वतःच नव्या कातड्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे त्या मासेवाल्याचं ना?" मी हो म्हटलं. फेकलं नाही त्यांनी. जुनंही त्याचंच होतं, म्हणाल्या, लग्नाआधीच्या वर्षी त्यानं आणलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी स्वतः निवडलेलं. इतकी वर्षं बदललं नाही. मग मला निरोप सांगितला, तो जसाच्या तसा लिहिते: "त्याला लिही, तुझं कातडं माझ्या रागापेक्षा जास्त टिकलं. राग केव्हाच फाटला होता, मी कुणाला दाखवला नाही."

बेर्दी काकांना हे वाचून दाखवाल ना?

मुनिसा

*

चारजोई, १८ सप्टेंबर

मुनिसा,

वाचून दाखवता येत नाही. बेर्दी गेला. गेल्या वर्षी, नोव्हेंबरच्या सुट्ट्यांत, ८ तारखेला. नदीतून भिजून आला होता, छातीत कफ भरला, चौथ्या दिवशी संपलं. तुला पाठवलं ते त्याच्या हातचं शेवटचं कातडं. कोठीत टांगलेलं होतं. तुझं पत्र आल्यावर मी ते उतरवलं, परत टांगलं, परत उतरवलं. मग वाटलं, हा माणूस कुठेतरी वाजू दे.

तुम्हाला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुझी आई रडत आली असती आणि माझी आई आली नसती, आणि मला ते बघायचं नव्हतं. किंवा आली असती आणि म्हणाली असती, सांगितलं होतं ना, नदीवरचा माणूस. तेही बघायचं नव्हतं. आता तुझ्या पत्रावरून वाटतं, ती तसं म्हणाली नसती. आता वाटून काय करू?

एक सांगते, ते फक्त तुला. बेर्दी दर शरदात, मासे चांगले मिळाले की, एक कातडं बाजूला काढून विचारायचा, "यंदा सासूबाईंना नेऊन देऊ का? जुनं विरलं असेल." आणि मी म्हणायची, "नको. दारातून फेकून देईल, तुला चालेल, मला नाही चालणार." मग तो ते कातडं विकून टाकायचा. दर वर्षी विचारायचा आणि दर वर्षी ऐकायचा. दुसऱ्या कुणाचं म्हणून ऐकत नव्हता तो, नदीचंही नाही, माझंच ऐकायचा. एकदा नसता ऐकला तर काय बिघडलं असतं?

ती त्याचंच कातडं वाजवत बसली होती आणि मी त्याला सांगत होते की ती फेकून देईल.

माझ्या अंगावर सुतकाचं निळं आहे. ८ नोव्हेंबरला वर्ष पुरं होतं. निळं उतरवायला माहेरची मोठी बाई लागते, पण इथं बेर्दीची मावशी आहे, ती उतरवील. नंतर डोक्यावर घालायचा पांढरा रुमालही तीच आणेल. सगळं ठरलं आहे.

माझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. तिला दिसत नाही, आणखी अंधार कशाला? निरोप पोचला एवढंच सांग. दोऱ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. तू कापले नसतेस तर मला ते आहेत हेही कळलं नसतं.

खोसियत

*

बुखारा, १९ ऑक्टोबर

खोसियत खाला,

तुम्ही सांगू नकोस म्हणालात. मी सांगितलं.

तीन दिवस मी निरोप पोचला असं म्हणायची तयारी करत होते. निरोप पोचला हे खोटं नव्हतं, पत्र पोचलंच होतं. पण बीबींनी विचारलं, "मग काय म्हणाला?" आणि माझ्या तोंडून खोटं निघेना.

त्या पुलावासाठी गाजरं चिरत होत्या. न दिसताही त्यांचे काप माझ्यापेक्षा सारखे होतात. सुरी थांबली.

"कशानं?"

मी सांगितलं.

"निळं कुणी घातलं तिला?"

"माहीत नाही बीबी. शेजारणींनी असेल."

"आणि उतरवणार कोण?"

"बेर्दी काकांची मावशी."

"मावशी!" बाजारात कुजकं खरबूज हातात दिल्यावर म्हणतात तसं म्हणाल्या. मग गाजरं पुरी केली, पुलाव रांधला, आम्हा सगळ्यांना वाढला, स्वतः घास घेतला नाही. आईनं आग्रह केला तर एवढंच म्हणाल्या, "मी त्या माणसाला कधी भाकर दिली नाही. एकदा अंगणात उन्हात उभा होता, पाणीसुद्धा विचारलं नाही. आता मला कुणी वाढू नका."

त्यानंतर मला राहवेना, म्हणून मी म्हटलं की कड्या पुन्हा बांधून देते, रेशीम मिळवते, होत्या तशाच. माझ्या हातानं बिघडलं, माझ्या हातानं नीट करते. त्यांनी मान हलवली. "आता बांधलीस तर ती गाठ तुझी होईल. माझी सुटली. जिच्या हातानं सुटायची तिच्या हातानं नाही सुटली, पण सुटली."

खाला, त्या येईन असं म्हणाल्या नाहीत. येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. मी असं काही लिहिणार नाही जे त्या बोलल्या नाहीत. पण गुरुवारी त्यांनी पेटीतून एक पांढरा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "पिवळा पडलाय का बघ. मला दिसत नाही." पडला होता, घडीवर. मी आज धुतला, आता दोरीवर वाळतो आहे. त्यांनी विचारलं नाही की वाळला का. दोनदा येऊन हात लावून गेल्या.

मी एरवी सगळ्यांना विचारून करते. काल कुणालाच विचारलं नाही. कागान स्टेशनवर जाऊन दोन तिकिटं काढली. त्या आल्या तर त्यांच्या शेजारी बसून येईन. दारातून परत फिरल्या तर रुमाल घेऊन मी एकटी येईन, आणि मावशींना तो रुमाल तुमच्या डोक्यावर घालू द्या, एवढं मागेन. मी मोठी बाई नाही, मला उतरवता येणार नाही, ते मला कळतं.

डफही आणते. निळं उतरेपर्यंत तो वाजायचा नाही, हे मला माहीत आहे. उतरल्यावर काय ते तुम्ही ठरवा, आणि त्या. वाटेत बोलू नये म्हणून कापडात गुंडाळून आणते. बांधत नाही.

काकांच्या कातड्याची कापून उरलेली कड मी फेकली नव्हती. काही विचार करून नव्हे, बाबांची सवय लागली म्हणून. तीही आणते. ती तुमची आहे.

दार उघडं ठेवा. शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळची गाडी.

मुनिसा